एकोणनव्वद गुण

३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा नंबरच्या सिगारला एकाहत्तर गुण दिले. सोनेरी पट्टीच्या मालाला ऐंशीच्या खाली मी दोन वर्षांत गेले नव्हते.

दोष शोधत बसावंच लागलं नाही. पहिल्या झुरक्यालाच कळलं — ओढ नाही. गाल आत जातात, धूर काही येत नाही. मग एकदम भसकन आला, गरम आणि कडू. जळायलाही एका बाजूनेच जळत गेली, दुसरी बाजू हिरमुसल्यासारखी तशीच. राख नखाएवढी झाली की खाली.

मास्तरांनी सिगार उभी चिरली. शाळेतली मास्तरकी सुटून बारा वर्षं झाली, पण अजून वह्या तपासल्यासारखीच सिगार तपासतात. आत तंबाखूच्या पानांची गाठ. म्हणाले, "इकडे जत्रा, तिकडे शुकशुकाट."

पान मात्र उत्तम होतं. तीन वर्षं मुरलेलं. मला त्या पानाचंच वाईट वाटलं.

मास्तरांचे बहात्तर, मॅनेजरबाईंचे त्र्याहत्तर. कोणाच्या टेबलावरची ते बाईंच्या वहीत. आम्हाला नुसता नंबर. तिघांची सरासरी लागोपाठ दोनदा पंच्याऐंशीच्या खाली गेली की टेबल जातं. मग पट्ट्या चिकटवायच्या, नाहीतर पानं निवडायची. जो कोण असेल त्याला पंधरा दिवस आहेत.


५ फेब्रुवारी

ताई विचारत होती, तोंड का उतरलंय. म्हटलं, धुराने. पुढे बोलले नाही. घरात कामाचं बोलायचं नाही हा नियम तिचाच. मी चव बघायच्या खोलीत गेले त्या दिवशी तिने घातला. तिने सिगारी वळायच्या, मी गुण द्यायचे, आणि घरी नुसत्या बहिणी.


९ फेब्रुवारी, रविवार

आज एक विचित्र झालं.

ताई स्वयंपाक करत होती. भांडं रटरटत होतं. तिने झाकण उचललं आणि ते हातात धरूनच माझ्याशी बोलत उभी राहिली — शेजारणीने मांजर पाळलंय आणि मांजराने शेजारणीला, असं काहीतरी. मी हसत हसत झाकण घ्यायला हात पुढे केला. माझी बोटं भाजली! झाकण खाली पडलं.

ताईच्या बोटांवर दोन फोड आले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कोणाची बोटं असावीत तशी.

"मला भाजलंच नाही गं," म्हणाली. मग हात पदराआड घेतला आणि मलाच ओरडली, भलत्या वेळी मधे मधे करतेस म्हणून.


१० फेब्रुवारी

सकाळी कामाला लवकर गेले. मास्तर चिरलेल्या सिगारी तारीख घालून खोक्यात ठेवतात, ते खोकं काढलं. चौदा नंबर काढून उजेडात धरली.

वरचं पान डावीकडून गुंडाळलेलं.

आमच्याकडे डावखुऱ्या दोघीच. एक बाळंतपणाच्या रजेवर. दुसरी माझी ताई.

खोकं बंद करून जागेवर ठेवलं. पाणी प्यायले. मग परत उघडलं आणि परत बघितलं.


११ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.


१३ फेब्रुवारी

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची, ताई सतरा. दुसऱ्याच महिन्यात ती कारखान्यात वळायला बसली. मी शाळेतून तिथेच जायची. तिच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची, वरून पानांचा चुरा वहीवर पडायचा. मुली म्हणायच्या तुझ्या वह्यांना वास येतो.

चव मला तिनेच शिकवली. ओढायला नाही, नुसतं नाकाने. डोळे मिटायला लावायची, पान नाकाशी धरायची — सांग, काय आठवतं? मी म्हणायची, ओली माती. नवी चप्पल. एकदा म्हटलं, आईची पेटी. तेव्हा तिने पान खाली ठेवलं आणि त्या दिवशी पुढे शिकवलं नाही.

मोठी होऊन मी चव बघायच्या परीक्षेला बसले तर तेव्हाचे साहेब हसले होते, बाईमाणूस सिगार ओढणार म्हणून. ताई टेबलावरून उठून आली. हात पुसले. म्हणाली, "तिला डोळे बांधून बसवा. मग हसा." बांधले. नंतर कोणी हसलं नाही.

तिच्या सिगारला मी किती वर्षं कोणाची ते न कळता ब्याण्णव, त्र्याण्णव देत आलेय. जीभ ओळखायची, मी ओळखत नव्हते.


१६ फेब्रुवारी, रविवार

तिला विचारावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा आज वार कुठला ते.

ती ब्लाउजचा हुक लावू शकत नाही. मी मागे उभी राहून लावून दिला.


१७ फेब्रुवारी, सोमवार

चौदा नंबर आली. यावेळी बघायच्या आधीच हाताला कळली — मधे टणक, टोकाला पोचट. पेटवली. गेल्या खेपेपेक्षा वाईट.

एकोणनव्वद लिहिले.

सही करताना पेन घसरलं नाही, काही नाही.

मास्तरांचे सत्तर. दहाच्या वर फरक पडला की दुसरी सिगार घेऊन परत बघायचं, हा नियम. परत पेटवल्या. मास्तर माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते, मी राखेकडे बघत होते. मी परत एकोणनव्वद. त्यांनी बराच वेळ कागद समोर धरला. मग चौऱ्याऐंशी लिहिले. बाईंनी त्र्याऐंशी.

सरासरी पंच्याऐंशी. पास — केसभर.

बाहेर पडताना मास्तर फक्त एवढं म्हणाले, "मी आयुष्यात एकाच पोराला असं पास केलं होतं." त्या पोराचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.


१८ फेब्रुवारी

ताई आज गुणगुणत घरी आली. येताना नवा एप्रन घेऊन आली, निळा. मला म्हणाली, बघ, शोभतो का म्हातारीला. बाईंनी पास-नापासची यादी दिली असणार.

मी म्हटलं, शोभतो. आणि खरंच शोभत होता.

मी काही वाईट केलं नाही. पुढच्या खेपेला बघू. थंडी गेली की हात सुटतीलही.


३ मार्च

ताई खुशीत. मूठ उघडते, मिटते. म्हणते, बोटांत जीव आल्यासारखा वाटतोय. तेल लावून चोळत बसते. मीही चोळून देते. तिची अंगठ्याखालची गादी सपाट झालीये, इतकी की माझं बोट तिथे आत जातं. आधी कशी लक्षात आली नाही?

नंबर बदललेत. आता ती कुठल्या नंबरात आहे ते मला ठाऊक नाही, असं मी स्वतःला सांगते. सात नंबर आहे. सातला अठ्ठ्याऐंशी दिले.


१४ एप्रिल

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. आम्हा तिघांतच, दार लावून.

एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. दर वर्षी एक खोकं घेतात. या वर्षी त्यांचा भाऊ परदेशातून आला होता, एकोणीस वर्षांनी. दोघांचं भांडण होतं, कशावरून ते दोघंही विसरलेत, असं लिहिलंय. भाऊ फार आजारी. एकच सिगार ओढायची डॉक्टरांकडून परवानगी काढली होती. दोघं अंगणात बसले. भावाची पेटली, पण ओढली जाईना. त्याला वाटलं आपल्यातच दम उरला नाही. तो रडायला लागला. गृहस्थांनी आपली दिली, तीही तशीच. खोक्यातल्या निम्म्या तशा निघाल्या.

खाली लिहिलंय, तक्रार म्हणून नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. भाऊ परवा गेला.

बाईंनी पत्राची घडी घातली. खोक्याची तारीख फेब्रुवारीची. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो पुसतच बसले.


१५ एप्रिल

ताईला सांगितलं.

जेवणं झाली होती. ती भांडी विसळत होती, पाठमोरी. मी सगळं सांगितलं — चौदा नंबर, डावीकडचं पान, पत्र, भाऊ. तिने नळ बंद केला.

"किती दिले होतेस?"

"आधी एकाहत्तर. मग एकोणनव्वद."

"होती कितीची?"

"अडुसष्ट."

मला वाटलं ती नापास केल्याचं मनाला लावून घेईल. तिने हात पुसले. एकेक बोट, सावकाश, जागेवर आहेत का बघितल्यासारखं.

"एकाहत्तर दिलेस ते माझी बहीण म्हणून दिलेस," ती म्हणाली. "एकोणनव्वद कोणाला दिलेस? भिकारणीला?"

मी म्हटलं, ताई, तुझं टेबल गेलं असतं. चव्वेचाळीस वर्षांचं टेबल.

"टेबल माझं होतं. जाऊ द्यायचं की नाही ते मी बघितलं असतं." मग फडकं खुंटीला लावत, "दोन महिने मी वेड्यासारखी हसत होते गं."

आत जाऊन झोपली. दिवा तिने घालवला नाही, मी घालवला.


१६ एप्रिल

बोलत नाही.


१९ एप्रिल

नाही.


२२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरकडे नेलं. आली, मुकाट्याने, लहान मुलीसारखी हात पुढे करून बसली. डॉक्टरांनी टाचणी टोचली. कुठे टोचतोय सांगा, म्हणाले. ताईने डोळे मिटले होते. ते टोचत गेले, ती वाट बघत राहिली. मी भिंतीकडे बघितलं.

दोन्ही मनगटांतली नस दबून गेलीये. डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, तुम्हाला वीस फेब्रुवारीची तारीख दिली होती ऑपरेशनची. आला का नाहीत? फोन करून रद्द केलंत.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, तेव्हा बरं वाटायला लागलं होतं.

आता ऑपरेशन करून दुखणं थांबेल, डॉक्टर म्हणाले. बोटांतली जाण परत येईल असं सांगवत नाही. तेव्हा केलं असतं तर — आणि हात हलवला, माशी उडवल्यासारखा.

वीस फेब्रुवारी. यादी लागली अठराला.


५ मे

ताई आज टेबलावरून उठली. आपण होऊन.

मी खिडकीतून बघितलं, आत गेले नाही. तिने फळी पुसली, गोंदाची वाटी धुऊन पालथी घातली, चाकू फडक्यात गुंडाळून बाईंना दिला. पानं निवडायचं काम देऊ केलं होतं, डोळे अजून चांगले आहेत म्हणून. नको म्हणाली. सगळ्यांनी वळणं थांबवलं होतं. तिने सगळ्यांना हात केला आणि म्हणाली, "थांबू नका, पानं सुकतील."

घरी आम्ही एकाच चटईच्या दोन टोकांना जेवायला बसतो.


१२ मे

मी बाईंना सांगितलं, मला चव बघायच्या खोलीतून काढा. मी खोटे गुण दिले. एकदा नाही, चारदा. त्या म्हणाल्या, बस. मी बसले नाही. त्या म्हणाल्या, त्र्याऐंशी मीही लिहिलेच होते ना. मास्तरांनीही परवाच राजीनामा दिलाय, ठाऊक आहे? ठाऊक नव्हतं.

विचार करून सांगते, म्हणाल्या.

ताई एक वाक्य बोलली आज. "दूध उतू जातंय." मी धावले.


१९ मे

बाईंनी बोलावून सांगितलं. ताई जानेवारीतच त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली होती, माझ्या बोटांना आता कळत नाही, मी चांगली वळतेय की वाईट. डॉक्टर कापू म्हणतात, मला भीती वाटते. तुम्ही मला आत्ता उठवू नका. धाकटी दोनदा नापास करेल तर मी उठेन आणि जाऊन कापून घेईन. पास करेल तर माझे हात ठीक आहेत.

बाईंनी विचारलं होतं, आणि तिने ओळखलं तर?

"ओळखलं तरी काय," ताई म्हणाली होती. "तिची जीभ मी घडवलीये. ती खोटं बोलायची नाही."