जिथे जीभ अडकते

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! आणि खोली माझी एकटीची आहे. दाराला आतून कडी, गादीवर निळी गोधडी, खिडकीतून खाली ओढा आणि मोठं फाटक दिसतं. घरी मी आणि आई एका पलंगावर, भिंतीपलीकडे वर्लिन घोरणार. इथली शांतता कानाला टोचतेय, पण मजा वाटतेय.

वर्लिननंच सोडलं ट्रकमधून. माझा थोरला भाऊ. वाटभर चिडवत होता. म्हणे, तोतरे, तुला मोठ्यानं वाचायची नोकरी? हे म्हणजे कोंबडीला पोहायला शिकवायला ठेवणं झालं! तोतरी मला त्यानंच म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर तो दात पाडतो. शाळेत मला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझा पहिला शब्द निघेपर्यंत अख्खा वर्ग हसून लोळायचा. म्हणून नववीत शाळा सोडली.

केसलबाई गुन्ह्यांच्या कादंबऱ्या लिहितात. उंच आहेत, केस पुरुषासारखे कापलेले. मूळच्या सेंट लुइसच्या, पण बरीच वर्षं इथं ओझार्कच्या डोंगरात राहतात. चाऱ्याच्या दुकानात त्यांची चिठ्ठी होती, लिहिलेली पानं मोठ्यानं वाचून दाखवणारी इथलीच कुणीतरी हवी म्हणून. आईनं माझ्या वतीनं फोन केला, मी कुठली करतेय. रात्री घेवडा, डुकराचं मांस आणि मक्याचा पाव होता. वर्लिन ताट पुसून जेवला आणि जाताना माझ्या कानात म्हणाला, काही झालं तर फोन कर, बोलता नाही आलं तरी मला कळेल.

५ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळीओळीला अडकले, घामानं पानं ओली. वाटलं, हाकलतीलच. तर बाई जाड लाल पेन्सिल घेऊन बसल्या होत्या आणि मी जिथे अडकेन ते वाक्य सरळ खोडत होत्या! म्हणाल्या, अगं, तू अडकतेस ती वाक्यं खोटी आहेत. न्यूयॉर्कच्या संपादकांना वर्षभरात जी सापडत नाहीत ती तुला एका दुपारी सापडली.

मला कुणी असं कधीच म्हणालं नव्हतं. खोलीत येऊन उशीत तोंड घालून हसले.

९ ऑक्टोबर

बाई विचारत बसतात, इकडची माणसं कशी बोलतात, भांडतात, काय लपवतात. आणि ऐकताना हनुवटीखाली हात धरून बसतात. माझं वाक्य संपेपर्यंत थांबतात! आजवर लोक माझा शब्द स्वतःच पूर्ण करून मोकळे होत आले.

म्हणून सांगत सुटले. वर्लिनबद्दल. लाकडाच्या गिरणीत काम करतो, आणि हिवाळ्यात तळ्याकाठचे बंगले बंद असतात तेव्हा त्यांतले तांब्याचे पाइप काढून विकतो. ब्लू नावाचा कुत्रा पोराहून लाडका आहे. घरातलं फाटकाबाहेर नेलेलं आमच्याकडे कुणी खपवून घेत नाही. आईला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. सांगताना हे माहीत होतं, तरी सांगितलं.

१४ ऑक्टोबर

बाईंच्या कादंबरीत आता डेल नावाचा एक जण आलाय. पाइप चोरतो. चालतो वर्लिनसारखा, एक खांदा पाडून. वाचताना कान तापले, पण बाईंना काही म्हटलं नाही.

आज डेलच्या कुत्र्याला कुणीतरी गोळी घालून फाटकावर टांगतं. ते पान मी एका दमात वाचलं. कुठेही न अडकता! जन्मात पहिल्यांदा. पुढे त्याची पडवी जळते असं होतं, तिथं मात्र अडकले, तर बाईंनी आग खोडून टाकली. पण त्या पानासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मला चहात मध घालून दिला.

१७ ऑक्टोबर

आईचा फोन. ब्लूला कुणीतरी मारलं. फाटकावर टांगला होता. वर्लिननं स्वतः खाली उतरवला, तेव्हापासून जेवला नाही.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, अरेरे, असले उद्योग इकडे चालतातच. आणि खरंच चालतात. मी तेच धरून बसले.

दुपारी पुन्हा वाचलं. चांगलं वाचलं.

२५ ऑक्टोबर

वर्लिनचा हात करवतीत गेला. उजवा. तीन बोटं गेली.

मी हे मंगळवारी वाचलं होतं. डेलचा हात करवतीत जातो. अगदी चालीवर वाचलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य होतं की लाकडाची कपची उडून त्याचा डावा डोळा फुटतो, आणि तिथं मी अडकले होते. बाईंनी डोळा खोडला.

आई म्हणाली, डॉक्टर म्हणतात देवाची कृपा, कपची डोळ्याला चाटून गेली.

मी फोन ठेवला. अंगावर काटा नाही आला. लाज वाटली. कारण मला कुत्र्याच्या वेळीच कळलं होतं. कळून मी वाचत राहिले, कारण अडकत नव्हते.

२९ ऑक्टोबर

आज बाईंना सगळं बोलले. वाटलं, हसतील. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेन्सिलीला टोक करत राहिल्या. मग म्हणाल्या, पोरी, लिहिताना मलासुद्धा कळत नाही कुठलं वाक्य जिवंत आहे. तू वाचलंस की कळतं.

मी म्हटलं, डेलला सोडा. म्हणाल्या, माझ्या पुस्तकात कुणी सुटतं का गं? सुटला तर ती कादंबरी कसली, ते नाताळचं भेटकार्ड.

मी म्हटलं, मी नाही वाचणार, घरी जाते. म्हणाल्या, खुशाल जा. मग मी वाचीन. आणि मी कुठेच अडकत नाही, म्हणजे सगळंच राहील. तू निदान अडकतेस तरी. मग अडक ना! तुझ्याच तर हातात आहे.

राहिले मी.

४ नोव्हेंबर

आईशी फोनवर बोलले. बराच वेळ. ठेवायच्या वेळी आई रडायला लागली. म्हणाली, ट्वायला, तू एकदाही अडकली नाहीस. देव पावला गं बाई.

अडकलेच नाही तर बाई खोडणार काय?

७ नोव्हेंबर

मुद्दाम अडकून बघितलं. ड— ड— डेल. बाईंनी पेन्सिल उचललीसुद्धा नाही. म्हणाल्या, नाटक नको, नीट वाच. त्यांना फरक कळतो.

नीट वाचलं.

११ नोव्हेंबर

वर्लिनला फोन केला आणि सगळं सांगितलं. पाइपांचं मीच बोलले तेही. तो हसला. म्हणाला, वेडे, हात करवतीनं कापला, पुस्तकानं नाही. आणि बोलतेस कशी बघ, रेडिओवरच्या बाईसारखी! शनिवारी येतो, मलाही वाचून दाखव.

मी ओरडले, येऊ नकोस. शनिवारी हरणांची शिकार सुरू होते, हरीण समजून गोळी घालू नये म्हणून सगळे घालतात ते नारिंगी जाकीट तू कधी घालत नाहीस, घरी बस. तो म्हणाला, बरं बाई, नाही येत. या हातानं बंदूक थोडीच धरता येते, फुटबॉल बघत बसतो. तुझं ठीक चाललंय ना, मग झालं.

पाइपांबद्दल रागावला नाही. रागवायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

शेवटचं प्रकरण लिहून झालंय. टेबलावर पडलं होतं. बाई ओढ्याकडे गेल्या तेव्हा बघितलं.

डेल बहिणीला न्यायला येतो. डोंगरातल्या घरी. फाटक उघडायला खाली उतरतो, अंगात तपकिरी कोट. कुणीतरी हरीण समजून—

शनिवारी वाचायचंय.

१४ नोव्हेंबर

दिवसभर सराव केला. अडकायचा.

आरशापुढे उभी राहिले. वर्ग आठवला, ती हसणारी तोंडं, माझ्या फ्रॉकवर थुंकी उडालेली. तेव्हा लाज वाटली की जीभ चिकटायची. आता लाज आहे, पण जिभेला कळतच नाही. बायबल वाचलं, दुधाचा खोका वाचला. सगळं सुरळीत.

पान फाडलं. बाई म्हणाल्या, दुसरी प्रत आहे. ओरडल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून डोंगरात बंदुका वाजतायत.

वाचलं.

अडकले नाही. एवढंच असतं तर— नाही, खरं लिहिते. मध्ये बाईंनी डोळे मिटले, मान डोलवायला लागल्या, आणि मी आवाज खाली आणला. चर्चमधला पाद्री आणतो तसा. कुणी सांगितलं नव्हतं. फाटकापाशी मी थांबले, मुद्दाम, कारण तिथं थांबलेलं छान वाटत होतं. माझा भाऊ मरत होता आणि मला छान वाचायचं होतं.

लाल पेन्सिल टेबलावरच राहिली.

दुपार

फोन केला. तो घरीच आहे ना एवढंच. येऊ नकोस एवढंच म्हणायचं होतं.

त्यानं उचलला. आणि मला बोलता येईना. जीभ टाळूला. व— एवढंच. मग नुसता श्वास. महिन्याभरात पहिल्यांदा.

तो म्हणाला, कोण? मग म्हणाला, तोतरे? तू आहेस ना? काय केलं त्या बाईनं तुला? रडू नको. निघालोच बघ.

नको म्हणत होते. न— न—

ठेवला त्यानं.

पुन्हा केला, आईनं घेतला. ट्रक गेलासुद्धा. जाकीट म्हणायचं होतं. ज पण निघाला नाही.

बाईंकडे पान घेऊन गेले. वाचायला लागले, आता शब्दाशब्दाला अडकतेय, खरीखुरी, तोंडातून लाळ गळतेय, खोडा, खोडा ना. बाई म्हणाल्या, वाक्य एकदाच वाचायचं असतं, बाळ.

पेन्सिल हिसकावली. मीच खोडलं. सगळं पान लाल केलं. काही—

पुन्हा बंदूक. लांब आहे. लांबच आहे.

ट्रक. ओढ्यावर आला. त्याचाच, सायलेन्सर फुटलाय त्याचा.

फाटकाशी जाते. तीन शब्द ओरडायचेत, खाली उतरू नको. एवढे नीट निघू देत, मग जन्मभर मुकी राहीन, चालेल मला. दार— बाई दारात उभ्या आहेत. बाजूला होत नाहीत. ट्रक थांबला. दिसतोय खिडकीतून, तपकिरी कोट, पाय बाहेर काढला त्यानं, आणि बाई म्हणतायत, ऐक ट्वायला, इथं तू कशी थांबली होतीस, अगदी तश्शी—