यमूचा दुधाचा सुळा

कार्तिक व. ७, शके १८६०. आष्टी.
आज सकाळी पूजा आटोपल्यावर यमूला दारातल्या उन्हात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. थोरल्या भावाची ही लेक, तेरावं चालू. भाऊ गेला तेव्हा पाळण्यात होती. डावीकडचा वरचा सुळा कधीच आला. उजवीकडं अजून दुधाचाच, बारका, घट्ट. परवा जालन्याच्या दातांच्या डॉक्टरनं टाळू चाचपून सांगितलं, "खरा सुळा हितं आडवा अडकलाय. दुधाचा आत्ताच काढा, त्याला वाट मिळंल. थांबलात तर पुढच्या दाताचं मूळ खाईल."
मीही बोट फिरवलं. गाठ लागते. पण ती सुळ्याचीच कशावरून?
न दुखणारा दात काढायची एवढी जल्दी का? माणूस नवा. स्वतःचे दात पानानं काळे.

व. ८
वहिनींना सांगितलं. वरचा सुळा उपटला की डोळ्याची शीर तुटते, असं इथं सगळेच म्हणतात. चुलीपुढून उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या पोटची असती तर काढला असता का?"
मला मूलबाळ नाही.

व. ११
उपास. शेजारचा श्रीपती आल्ता. म्हणे, "आमच्या आत्याचा वरचा दात काढला अन् डोळाच गेला."
"आत्याचं वय?"
"असंल ऐंशी."
हसलो. भीती मात्र गेली नाही.
देवापुढं चिठ्ठ्या टाकाव्या असं मनात आलं. टाकल्या नाहीत. मनाजोगी निघेपर्यंत टाकत बसलो असतो.

मार्गशीर्ष शु. २
यमू भाकर दुधात बुडवून खाऊन राह्यली. कडक पापुद्र्यासाठी भांडणारी पोर. विचारलं तर, "गोड लागती." संशय आला. ऊस दिला, म्हटलं सोल. हातात धरून बसली, मंग डोळे भरले.
पुढचा दात हलतोय. आठ दिवसांपासून. आईनं बजावलं होतं, "काकाला सांगू नको, परत जालन्याला नेऊन दात काढतील, डोळा जाईल."
राग आला. पण मी तरी काय करत होतो? डॉक्टरवर संशय घेणं सोयीचं होतं. काढून डोळा गेला तर गाव मला विचारणार. न काढता पुढचा दात गेला तर तिचं नशीब म्हणणार.

शु. ३
वहिनींना म्हटलं, दात हलतो हे तुम्हांला ठाऊक होतं. म्हणाल्या, "मी बी येते. माझ्या डोळ्यांसमोर काढू द्या."

शु. ६
काल काढला. पहाटे गाडी जुंपून परतूर, तिथून रेल्वेनं जालना. डोकं मी धरलं, हात वहिनींनी. यमू ओरडली नाही, माझं धोतर मुठीत गच्च धरलं.
दात पाहिला. मूळ लांब, शाबूत. दुधाचा दात तर मूळ झिजून पडतो. म्हटलं, "हा चांगला होता की."
डॉक्टर म्हणाला, "म्हणूनच काढला. खरा सुळा ह्याच्या वाटेला आलाच न्हाई, मंग मूळ झिजवणार कोण?"
बराबर वाटतं. बराबर वाटावं असंच तो बोलतो. सुळा उतरेल का? उन्हाळ्यापर्यंत पाहायचं, नाहीतर टाळू कापायची. पुढच्या दाताचं म्हणे आत्ता सांगता येत न्हाई.
आज यमूच्या डोळ्याला काही झालं नाही बघून वहिनींनी शेणाचा गोळा पुढं केला. एवढ्या मोठ्या पोरीचा दात, पण रिवाज तो रिवाज. गोळ्यात घालून मीच घराच्या माळवदावर फेकला.