डब्याच्या तळाशी साखर

आई, आज मी एका मोठ्या कंपनीला नाही म्हटलं आणि मग तुझ्याशी बोलावंसं वाटलं. इंदिरानगरात दोन खोल्यांत आम्ही चौघं कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "याचे पैसे देतं कोण?" प्रश्न तोच आहे. टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र असतं, कन्सोल म्हणतात. ते विकणारी कंपनी म्हणाली, तुमचा नावाड्याचा खेळ वर्षभर फक्त आमच्या यंत्रावर ठेवा, रक्कम आधीच देतो. खेळ दुसरीकडे मिळाला नाही की लोक यंत्र घेतात, हे त्यांचं गणित. आमचंही सोपं होतं: एकाच यंत्रावर तपासणी, जाहिरात त्यांची, पगाराचा घोर नाही. पीसीवर, म्हणजे घरच्या साध्या कॉम्प्युटरवर, प्रत्येकाचं मशीन वेगळं, तक्रारी ढीगभर आणि पैसे थेंबाथेंबाने. पण सायखेड्याच्या तुझ्या नातीकडे जुना पीसीच आहे, आणि आमचा खेळ खेळणारे बहुतेक तिच्यासारखेच.

तरी मी हो म्हणणारच होते. मग त्यांचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "तोवर पीसीवाल्यांना छोटासा नमुना द्या फुकट. खूश राहतील."

आणि मी थेट नाशिक रोडच्या आपल्या स्वयंपाकघरात. दिवाळी तोंडावर आलीये, कांदा-लसणाच्या चिवड्याचा वास जिन्यापर्यंत गेलाय. कॉलनीतल्या बायका नेहमीसारख्या चिवडा विकत न्यायला आपापले डबे घेऊन दारात, आणि तू सगळा चिवडा मेन रोडच्या दुकानदाराला कबूल करून बसलेली, कारण त्याने आगाऊ पैसे दिलेत. "यंदा नाय जमत गं," म्हणत तू प्रत्येकीच्या डब्यात चिमूटभर साखर टाकतेस. मी हसते तर खेकसतेस, "डबा रिकामा धाडत नसतात! दिवाळी सरली की येतील त्या." त्या हळदीकुंकवाला आल्या, गोड बोलल्या, डबे मात्र आणले नाहीत. पुढच्या वर्षी दुकानदारानेही दुसरी बाई धरली. तेव्हा तू कढई घासता घासता म्हणालीस, "भूक कोणाची थांबत नाय गं. लोक दुसऱ्या दाराची सवय करून घेतात." मग तू स्वतः दारोदार चिवडा घेऊन फिरलीस, आणि निम्म्या जणी परत मिळवल्यास. तुझी ती चाल अजून डोळ्यांसमोर आहे.

आमच्यातला एक चिडला. "ताई, पगार काय तत्त्वावर भागवायचे?" मी म्हटलं, दोन्हीकडे एकाच दिवशी काढू, कमी पैशांत, त्यांना चालत नसेल तर आपण फक्त पीसीवर काढू. खेळ निघणार. कंपनीला तसा मेल पाठवला. उत्तर अजून नाही.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, म्हणून सांगते. चौघांना मी सांगितलंय की नीट हिशेब मांडूनच नाही म्हटलं. हिशेब हो म्हणत होता, आई. मी त्या साखरेला नाही म्हटलं.