एर्मिनाचा आकडा

प्रिय मानांग साल्वा,

आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावतो. गुडघे काय म्हणतात? बाकोलोदला फार उकडतंय असं ऐकलं. इथे इलोइलोतही अंगाची लाही होते आहे. आम्ही दोघं मजेत आहोत, काळजी नसावी. एर्मिना बरी आहे. किती बरी, यावर मात्र इस्पितळात अजून एकमत व्हायचं आहे, आणि त्यासाठीच हे लांबलचक पत्र.

फोनवर सांगितलंच होतं की मासळीबाजारात घासाघीस करता करता ती टोपलीवर कोसळली (कोळणीला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा). मेंदूत गुठळी. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. एवढी बोलघेवडी बाई, पण तिच्यापाशी आता एकच शब्द उरलाय, 'हो'. चहा हवा? हो. नको? हो. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या प्रत्येक बोलण्याला होकार दिला तो आत्ता, आणि मला तो ऐकवत नाही.

तर, इस्पितळात अशा माणसांना आकडा देतात. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मेलेला (सहाबद्दल डॉक्टरांत सहसा वाद होत नाही म्हणे). चालायला-बोलायला शिकवणारं केंद्र आहे, तिथे जागा कमी, म्हणून फक्त तीनवाल्यांना घेतात. त्याहून बऱ्याला गरज नाही, त्याहून वाईटावर मेहनत फुकट, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी तरुण डॉक्टर व्हिलारूस आले. त्यांनी तिलाच विचारलं. हाताने जेवता? हो. अंघोळ? हो. बाजारहाट? हो. खूश होऊन एक देऊन गेले. दुपारी व्यायाम घेणाऱ्या गुम्बानबाई आल्या, त्यांनी मला विचारलं. मला वाटलं, जितकं वाईट सांगू तितकी मदत जास्त, म्हणून मी सगळ्यालाच नाही म्हटलं. त्यांनी दिले चार. बाई तीच, खाट तीच.

मग दोघांची खाटेपाशीच जुंपली.

"नवऱ्याचं काय ऐकता, बाई? नवरे तिखटमीठ लावून सांगतात."

"आणि जिला 'हो'शिवाय काही येत नाही, तिचं तुम्ही ऐकता!"

"हो," एर्मिना म्हणाली.

शेवटी तिचं चित्रीकरण करून ते आणखी डॉक्टरांना दाखवलं. एकच चित्रफीत, सगळ्यांनी शेजारी शेजारी बसून पाहिली, तरी कुणी दोन दिले, कुणी चार. (आमच्या कोंबड्यांच्या झुंजीतले पंचसुद्धा इतके फुटत नाहीत.) तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. माग्बानुआ त्यांचं नाव; शांत बाई. खाटेवर बसून त्यांनी एर्मिनाचा हात हातात घेतला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "उभं राहता येईल का हो तुम्हाला?"

"हो."

आणि कुणी धरायच्या आत ती उभी राहिली. मानांग, खरंच राहिली! माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला खोटं पाडलं. मग पडली. खाटेच्या कडेवर कपाळ आपटलं, टाके घालावे लागले. डॉक्टरीणबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवरच बसल्या, पांढरा कोट रक्ताने भरला तरी हलल्या नाहीत. व्हिलारूस तोंड फिरवून उभे होते. गुम्बानबाईंचंच बरोबर ठरलं, पण त्या रडत होत्या.

चार मिळाले. केंद्रातली जागा गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू म्हणतात. ट्रायसिकल-रिक्षातून घरी येताना मी तिला म्हटलं, चार म्हणजे काही फार वाईट नव्हे. ती हो म्हणाली आणि सबंध रस्ताभर बाहेर बघत राहिली.

तुझा धाकटा भाऊ,
तेओदुलो

ता. क. एवढी सामुद्रधुनी ओलांडून तू येण्याची दगदग करू नकोस. स्वयंपाक, धुणं, तिची अंघोळ, सगळं मी व्यवस्थित बघतो.

ता. क. वरचा ता. क. तिला वाचून दाखवायला लिहिला होता. मला तिला उचलवत नाही गं. काल अंघोळीच्या वेळी आम्ही दोघं घसरलो आणि शेजारचा रोमुलो कामावरून येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच बसून राहिलो. ती कुडकुडत होती, आणि माझ्या अंगावरचा त्यातल्या त्यात कोरडा सदरा काढून तिला घालायलाही मला जमेना. पहिल्या बोटीने ये.