निळ्या शर्टांचा पुरावा

तज्ज्ञ साक्षीदार साहेब,

तुम्हाला नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

काल माझ्या भावाच्या खटल्यात तुम्ही शपथेवर सांगितलंत, की सारखे निळे शर्ट ही टोळीची खूण आहे. आमच्या वकिलांनी विचारलं, "त्या गल्लीत कधी गेला होतात?" तुम्ही हसून म्हणालात, "गरजच काय? तिथल्याच एका मुलीचा कॉलेजचा प्रकल्प आहे माझ्याकडे."

ती मुलगी मी.

शेजारी बसलेली आई मला कोपराने ढोसत होती. "अगं, ते शर्ट तर मीच शिवले ना? गल्लीतली पाच पोरं, कापडाचं ठाण एक. वेगळा रंग कुठून आणायचा होता?"

हे मला प्रकल्प लिहितानाही माहीत होतं. पण कॉलेजातले सर म्हणाले, "'मित्र' काय लिहितेस? 'टोळी' लिही, म्हणजे संशोधन वाटेल." घरात शिकलेली मी पहिलीच. सरांना नाही म्हणायची छाती झाली नाही. ते पाप माझंच. पण वीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा मिरवणाऱ्या तुम्हाला एकदा गल्लीत येऊन आईला विचारता आलं नाही?

तुमचं मत पुरावा म्हणून घ्यायचं की नाही, हे न्यायाधीश उद्या ठरवणार आहेत. वकील म्हणाले, "खरं सांगितलंस तर पदवी जाऊ शकते." आई म्हणाली, "जाऊ दे. पदवी भिंतीवर आहे, पोरगा कोठडीत आहे."

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या हेच सगळं कोर्टात तुमच्या तोंडावर सांगणार आहे.

तुमच्याबद्दल तिळमात्र आदर नसलेली,
आरोपीची बहीण