ओटा कोणाच्या मापाचा

मी, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली निवृत्त मुख्य कटर, वय वर्षं एकाहत्तर, हे लिहिते तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि मागे उभं राहून कुणी मजकूर सांगत नाही. फक्त पाठ ठिकाणावर नाही. ती का नाही, ते पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी कुणाला काही कबूल केलं असेल तर ते बोलण्याच्या भरात, ते धरू नये.

१. घर. जागा कारखान्याच्या सोसायटीने मला दिली, म्हणून जागा आणि तिच्यावरचं दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या माहेरी किंवा सासरी कुणी स्वतःचं घर बांधलेलं नव्हतं, हे पहिलं. आधी तळमजलाच बांधला. त्या दीड वर्षात दार आत उघडावं की बाहेर, जिना कुठून घ्यावा, खिडकीचे गज उभे की आडवे, असे शेकड्यांनी निर्णय झाले. माझे दिवंगत यजमान रोज संध्याकाळी वाळूच्या ढिगावर बसून गवंड्याशी खल करत. मी कारखान्यातून येईपर्यंत सगळं ठरलेलं असे. मला एकच विचारलं, न्हाणीघराच्या फरशीचा रंग. मी हिरवा म्हटलं. पांढरी बसली. हिरवी संपली होती म्हणे.

२. तळमजल्याचा ओटा. याची नोंद मी सविस्तर करते, कारण माझं अर्धं आयुष्य त्याच्यासमोर गेलं. स्वयंपाकघराचा ओटा घालायचा त्या दिवशी मी कारखान्यात होते. शाळा उघडायला आठवडा राहिला होता आणि चड्ड्यांचे गठ्ठे कापायचे पडले होते. गवंडी म्हणाला, "घरातल्या बाईला उभं करा, म्हणजे उंची घेतो." माझी नणंद बांधकाम बघायला आली होती. यजमानांनी तिलाच उभं केलं. नणंद चार फूट दहा इंच. मी पाच फूट आठ इंच, शाळेत मला शिडी म्हणायचे. ओटा तीस इंचांवर झाला, मला अडतीस हवा होता.

मी रात्री पाहिलं तेव्हा हे म्हणाले, "बाई ती बाई. इंच-दोन इंचांनी काय फरक पडतो?" दोन इंचांनी काय होतं, हे एका कटरला विचारावं. शर्ट अंगात जात नाही. इथे तर आठ होते.

"रंग काढू तेव्हा फोडून घेऊ," असं ठरलं. घराला चार वेळा रंग लागला. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा मी चिडून म्हटलं, "राहू द्या आता, सवय झालीये." त्यांनी ते खरं मानलं. आयुष्यभर माझ्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने नेमका तो ठेवला. चौतीस वर्षं मी त्या ओट्यापुढे वाकून भाज्या चिरल्या, भांडी घासली. डॉक्टर मणक्याचा फोटो दाखवून कारण विचारतात. मी म्हणते, नणंद.

माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत हा ओटा फोडावा. त्याची वरची काळी फरशी नणंदेच्या दारात नेऊन ठेवावी. ती दरवर्षी येऊन तिथे उभी राहायची आणि म्हणायची, "किती सोयीचा आहे गं वहिनी तुझा ओटा." आता तिची सोय तिच्याकडे राहील.

३. तळमजला आणि वरचा मजला, दोन्ही माझ्या मुलाला. तो बापावर गेला आहे, पण एकच आहे.

४. शिवणाचं सामान. पायमशीन, दोन मोठ्या कात्र्या आणि पितळी पट्टी कारखान्यातल्या माझ्या हाताखालच्या मुख्य शिवणकरणीला. मापाची टेप कुणालाही नाही, ती माझ्याबरोबर जाईल. रिळांचं लाकडी खोकंही दिलं असतं, पण ते नऊ वर्षांपूर्वी घरातून नाहीसं झालं. सुनेने भंगारात घातलं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

५. सून. तिला माझं लोखंडी कपाट. त्याहून अधिक नाही. दहा वर्षं डोक्यावर राहते, पण "आई, वर चला, माझ्या हातचा चहा घ्या," असं एकदाही म्हणाली नाही. चहा करते तो खाली आणून देते. मी काय तिची भांडी मोजणार होते?

इथवर लिहून कागद आठ दिवस टेबलाच्या खणात पडला होता. मधल्या काळात जे झालं, त्यामुळे पुढचं लिहावं लागतं.

६. मागच्या मंगळवारी सून तापाने अंथरुणाला खिळली. मुलगा कामावर गेलेला. चार वर्षांत न चढलेला जिना मी कठड्याला धरून चढले, म्हटलं, निदान चहा करून द्यावा. ओट्याजवळ गेले आणि पाय कशालातरी अडखळला. माझं रिळांचं खोकं. उपडं घातलेलं. वरची फळी दोन पावलांच्या आकाराने झिजून गुळगुळीत झाली होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही आई. ते असंच."

वरचा मजला दहा वर्षांपूर्वी बांधला, तेव्हा मी कंबर कसली होती. या घरात पुन्हा कुठली बाई वाकणार नाही, असं सगळ्यांना ऐकवलं होतं. ओट्याच्या दिवशी मुद्दाम रजा काढली. गवंड्याने विचारलं, "सूनबाईंना उभं करू का?" सून तिथेच होती, हातात गवंड्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. मी म्हटलं, "ती नवी आहे, तिला काय कळतंय? माझ्या मापाने घ्या." अडतीस इंच. सून हसली होती. मला वाटलं, खूश झाली.

ती पाच फूट आहे. मी चाळीस वर्षं मुलांच्या गर्दीत नुसत्या नजरेने माप सांगत असे, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. खोकं दिसू नये म्हणून तिने मला कधी वर बोलावलं नाही. खोक्यासाठी मी तिला दोन दिवस टाकून बोलले होते, तेही तिने ऐकून घेतलं. नणंदेला निदान माझं माप माहीत नव्हतं. मला काही सबब नाही, याची मला लाज वाटते.

७. सबब कलम ५ रद्द. कलम ३ मधला वरचा मजला सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. दार, खिडक्या, फरशीचा रंग, सगळं तिने ठरवावं. मुलाने फार तर वाळूवर बसावं. कपाटही तिचंच. कलम २ मधली फरशी नणंदेकडे नेऊ नये. आता ती नणंद आणि मी, अशा दोघींत अर्धी करावी लागेल, आणि एवढी दगदग कुणाला सांगावी?

८. मृत्युपत्राचा अंमल मेल्यावर होतो, असं वकील सांगतात. वरच्या ओट्याला तेवढी सवड नाही. मी टेप घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, "राहू द्या आई, सवय झालीये."

हे वाक्य या घरात कुणीही, कधीही खरं मानू नये. मुलाने तर नाहीच.

ठिकाण: वरच्या मजल्याचं स्वयंपाकघर, खोक्यावर बसून.
तारीख: एकोणीस, शुक्रवार, सकाळ.

सही: (लिहून देणारी)

साक्षीदार पहिली: समोरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. सर्व कागद माझ्यासमोर वाचून दाखवले.

साक्षीदार दुसरा: गवंडी. ओटा फोडायला आलो होतो, हात धुऊन सही केली.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे: सुनेचं माप, बत्तीस इंच. तिला उभं करून मी स्वतः घेतलं.