आईच्या फोटोखालचा शब्द

६ ऑक्टोबर, रविवार

जमला! एकदाचा जमला!

आई काल दिंडोरीहून आली. तिकडे द्राक्षबागांची छाटणी चालू आहे, आज सुट्टी. भर दुपारी खोलीचं दार लावलं, खिडकीवर गोधडी टांगली, आईच्या मागे माझा काळा दुपट्टा. उजेड एकच — माझा टेबललॅम्प, तिच्या उजव्या कानाशी. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा गायब.

"हसू नको," म्हटलं.

"मंग काय करू?"

"काहीच करू नको. लॅम्पकडे बघ."

"डोळं दिपत्यात ना गं!"

नागलीच्या दोन भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन पेंगत होती. चाळीस फोटोंत एकच असा आला — सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी. दाखव म्हणाली. म्हटलं, मोठा छापून आणते, मग बघ.

१० ऑक्टोबर

फोटोग्राफीच्या क्लासच्या राकेश सरांना फोटो पाठवला. लगेच फोन! "योगिनी, हा आपल्या प्रदर्शनात लावतोय. काय चेहरा आहे! कुठे सापडली ही बाई?"

"घरी सापडली, सर. आई आहे माझी."

सर घाईघाईने — "उत्तम, उत्तम."

१९ ऑक्टोबर, शनिवार

पहिला क्रमांक!! बक्षीस म्हणून कॅमेरा मिळणार! लॅबमधल्या कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली, धावतच गंगापूर रोडला प्रदर्शनात गेले. समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो आईचा. खाली ठळक अक्षरांत — "भूक". त्याखाली बारीक — छायाचित्र : योगिनी गावित. आईचं नाव कुठेच नाही.

भूक! माझी आई! अकरा बायांची टोळी चालवते. बागायतदार तिला फोन करून तारखा मागतात. कोणाच्या बागेत आधी जायचं ते ती ठरवते.

शेजारी उभी असलेली एक बाई चुकचुकली. "बिचारी," म्हणाली. आणि मी लाजले. का लाजले? चिडायला हवं होतं. तिथे नाही चिडता आलं. आता घरी बसून चिडतेय.

२० ऑक्टोबर

सरांना विचारलंच. "मी फोटोला आईचं नाव दिलं होतं, 'फुलाबाई'."

"'फुलाबाई' वाचून कोण थांबतं? बघणाऱ्याला धक्का बसला पाहिजे."

"सर, ती पोटभर जेवून बसली होती!"

सर हसले. "फोटोत दिसतं का ते?"

नाही दिसत. हे मात्र खरं. लॅम्प मीच तसा लावला, गाल मीच खोल केले. सपाट उजेडात काढला असता तर पेंगणारी आईच दिसली असती. बरं, ती चूक माझी. पण तो शब्द माझा नाही!

२२ ऑक्टोबर

सरांच्या 'भूक'च्या चिठ्ठीवर माझी चिठ्ठी चिकटवून आले. "फुलाबाई गावित. द्राक्षछाटणीच्या टोळीच्या मुकादम."

२३ ऑक्टोबर

काढली त्यांनी. मी परत लावली. या वेळी डिंकाने.

२४ ऑक्टोबर

सरांचा मेसेज — "लहान मुलीसारखं वागू नकोस. पुढच्या बॅचला यायचं की नाही ते ठरव."

ठरवलं.

२५ ऑक्टोबर

उतरवला! सगळ्यांसमोर खुर्चीवर चढले, फ्रेम काढली आणि निघाले. सर मागून, "क्रमांक रद्द करावा लागेल हां!"

"करा."

रिक्षात फ्रेम मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, हळूच विचारलं, "कोण वारलं ताई?"

"कोणी नाही. आई आहे. कामाला गेलीय दिंडोरीला."

पेठ रोडला घर येईपर्यंत हसत होते एकटीच. क्लास गेला, कॅमेरा गेला, क्रमांक गेला. जाऊ दे! माझ्या आईकडे बघून आता कोणी चुकचुकणार नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या बाजारासाठी आई आली. तिखटमीठ लावून सगळं सांगितलं, फोटो भिंतीला टेकवून ठेवला. आई खाली बसली. बराच वेळ बघत राहिली.

"खाली काय लिव्हलं व्हतं म्हनली?"

"भूक."

"बरोबर लिव्हलं. तू आश्रमशाळेत व्हती, तवा दोन पावसाळं असंच तोंड व्हतं माझं. तुला कळू नाय दिलं."

मी फोटो उचलायला वाकले.

"लावताना मला इचारलं नाय, योगे," आई म्हणाली. "काढताना पन नाय."